मंजुरी येईपर्यंत

फोन मीच केला होता.
पिकोची मशीन थांबवून, दिवा मालवून,
एक, एक, दोन.
बोटाला मशीनचं तेल होतं,
तीनदा दाबावं लागलं.

उदगीर, म्हणलं. दाल मिलच्या मागची गल्ली,
हौदापासून चौथं दार, निळं.
शिवलीलाचं नाव सांगितलं नाही.
शेजारणीचं नाव पोलिसाच्या कानावर घालायचं नसतं,
एवढं आईनं शिकवलेलं.

त्याआधी एकदा आले होते ते,
येळवशीच्या आदल्या रात्री.
गल्लीत आंबिलीचा वास,
आणि हे उंबरठ्याच्या अलीकडं उभे.
आत बसलिंग, हातात पट्टा.
शिवलीला तोंडावर पदर दाबून.
"घरगुती मामला हाय," जमादार म्हणाला,
"आमाला आत येता येत नाही बाई,
सकाळी ठाण्यात या."
सकाळी ती शेतावर गेली, डोक्यावर बिंदगी घेऊन,
सगळ्यांसारखी.
तिचे दोन दात माझ्याकडं आहेत,
बटणांच्या डबीत.
"लागले तर," म्हणाली होती.

या खेपेला आत आले.
चाळीस मिनिटांनी.
तोवर भांडण विझलं होतं,
बसलिंग मागच्या दारानं कधीचाच पसार,
शिवलीला रात्री अकराला भाकरी थापत होती,
राग आला की ती पीठ मळते.
मन्मथ कडी लावायला उठला. चौदाचा.
"कोण हाय?" एवढंच विचारलं त्यानं.
बाहेरून लाथ आली.
कोयंडा निखळला, मग दार,
मग लेकराचा डावा कान
एका हाताखाली सापडला, ज्या हाताला
अंधारात बाप आणि पोर
सारखेच दिसले.

"ह्यो नाही, ह्यो नाही," शिवलीला ओरडत होती,
पिठाच्या हातानं वर्दी धरून.
वर्दीवरची पाच पांढरी बोटं
त्यांनी मग पंचनाम्यात लिहिली.
कान नाही लिहिला.

वकील चांगला माणूस आहे, फी अर्धीच घेतो.
म्हणाला, खटला चालेल,
पण आधी सरकारची मंजुरी लागते.
काम करताना घडलं, तर त्यांना कवच असतं.
मी विचारलं, लाथ कामात धरतात का?
म्हणाला, तेच तर ठरायचं आहे.
कागद लातूरला गेला,
लातूरहून मुंबईला.
तेव्हापासून दोन येळवशी झाल्या.

अर्ज करून दोन्ही रात्रींची नोंद काढली मी,
पानाला दोन रुपये.
पहिल्या रात्रीची: समज देऊन परत.
दुसऱ्या रात्रीची: समज देऊन परत.
अक्षरसुद्धा एकाच हाताचं.
उंबरठा तेवढाच आहे, चार बोटं.
एकदा त्यांना तो ओलांडता आला नाही,
एकदा त्यांना दिसला नाही.

बसलिंग आठव्या दिवशी परत आला.
नवं दार त्यानंच बसवलं, लोखंडी,
वेल्डिंगवाल्याकडून, उधारीवर.
आता आतलं काही
बाहेर ऐकू येत नाही.
मशीन बंद करून बसते मी कधी कधी,
तरी नाही.

काल मन्मथ कॉलेजची पँट घेऊन आला,
उंची वाढलीय.
उजवा कान पुढं करून बोलतो आता,
कोणी हळू हाक मारली
तर कोंबडीसारखी मान वळवतो.
म्हणाला, "माय सांगत नाही, मावशी.
त्या रात्री फोन कोणी केला होता?"

टेप घेतली.
त्याच्या डाव्या बाजूला गेले, कंबर मोजायला,
आणि म्हणाले, मी.

"आं?" म्हणाला.

म्हटलं, खाली दोन इंच सोडू का?